खाचरात उतरवलेली जीप

दादा, तुमच्या जीपची तुमच्या या मुलीने वाट लावली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर चार ओळी खुशालीच्या लिहून मी मुद्द्यावर यायचं टाळेन. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून जीप पत्र्याच्या शेडमध्येच होती. दर पंधरा दिवसांनी मी ती सुरू करायचे, दहा मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. गेल्या वर्षी अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले. तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजून पास-नापास करण्यात गेली, आता स्वतःच्या हातांनी काहीतरी करावं असं वाटलं. जीप धड करायची आणि डोंगरातल्या कच्च्या वाटांवर न्यायची, एवढंच मनात होतं.

काम मी तुमच्यासारखंच आखायला बसले, स्वयंपाकघरात. देवळाली कॅम्पातलं आपलं ते अंधारं स्वयंपाकघर आठवतं. मिलिटरीच्या वर्कशॉपमधून तुम्ही येता, रॉकेलने आणि मग साबणाने हात धुता, आईच्या स्टोव्हजवळ मांडी घालून बसता आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर कामं लिहिता. गाडी थांबवणारं सगळं आधी, मग गाडी वळवणारं, मग चालवणारं. दिसण्याची कामं सगळ्यात शेवटी, आणि तिथपर्यंत बहुतेक वेळा पान संपलेलं असायचं. मी अठरा वर्षांची असताना तुम्ही ड्युटीवर गेल्याचं बघून जीपच्या स्प्रिंगचे पाटे ज्या शॅकलवर, म्हणजे लोखंडी कड्यांवर, टांगलेले असतात ते काढून लांब शॅकल लावले होते. गाडी वीतभर उंच दिसायला लागली. तुम्ही आलात, गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि मला ती भगूरच्या रस्त्याला घ्यायला सांगितलंत. उतारावर ब्रेक दाबला तशी गाडी डावी-उजवीकडे भरकटायला लागली, स्टिअरिंग हातात थरथरत होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "आता शेजारी तुझी आई बसलीय असं समज, आणि परत चालव." माझ्याने चालवली गेली नाही. दुपारभर बसून मी सगळं पूर्ववत केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बारीक फटी मोजायचा तुमचा स्वतःचा फीलर गेज माझ्या डिप्लोमाच्या वहीवर ठेवून कामाला गेलात. कारखान्यातही मी तोच वापरला.

तर यादीचं पहिलं पान मी तुमच्या क्रमाने लिहिलं. ब्रेक नवे केले, स्टिअरिंगचं ढिलेपण काढलं, पाट्यांचे झिजलेले बुश आणि इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले. चार महिने लागले, आणि ते काम तुम्हाला आवडलं असतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मग जुन्या-नव्या फोर बाय फोर गाड्या असलेल्या लोकांच्या एका ग्रुपात शिरले. त्यांचा म्होरक्या एक बिल्डर. त्याने जीप लांबूनच पाहिली आणि म्हणाला, फारच साधी वाटते. एवढ्या एका वाक्यावर मी नवं पान घेतलं आणि उलट्या क्रमाने लिहिलं. आधी पुढचा जाडजूड बंपर, त्यावर विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढायला मोटरवर चालणारा तारेचा रहाट. मग टपावर दिव्यांची रांग, रुंद मड टायर, पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून काचेच्या उंचीपर्यंत नळकांडं. आणि गाडी उंच केलीच. या वेळी नीट किट बसवून, कोन मोजून केली, त्यामुळे भरकटत नव्हती. माझ्या वयाची बाई अशी गाडी चालवते म्हणून लोक फोटो काढायचे. मला ते आवडायचं.

श्रावणात ग्रुप इगतपुरीकडे गेला. नऊ गाड्या. बिल्डरने फोनवर बघून एक वाट निवडली होती, ती ओढ्यातून वर चढत एका पाड्याच्या खाचरांशी संपत होती. भाताची आवणी नुकतीच झालेली, रोपं जेमतेम सावरलेली. मला वाटलं, इथून सगळे वळतील. बिल्डरने बांध फोडून गाडी सरळ खाचरात घातली आणि मधोमध रुतला. बाकीचे हसत होते, कुणी गाणी लावली, कुणी व्हिडिओ काढत होतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण विंच फक्त माझ्या जीपवर होता. मी गाडी खाली घेतली, दादा. अर्धं खाचर तुडवत गेले. मागे जांभळाचं झाड होतं, त्याला दुसरी तार गुंडाळून जीप मागून अडकवली आणि विंचची तार बिल्डरच्या गाडीला लावली. झाडाला लावायचा रुंद पट्टा घरीच राहिला होता. पहिल्याच हिसक्याला तारेने साल सोलून काढली, आतलं ओलं लाकूड दिसलं, तरी मी थांबले नाही. बिल्डरची गाडी निघाली तेव्हा टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

तेवढ्यात वरच्या घरातून एक म्हातारी बाई इरलं घेऊन खाली आली. तिने आरडाओरडा केला नाही. बिल्डर म्हणाला, "आजी, काही होत नाही, रोपं परत उभी राहतील," आणि तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या जीपच्या मागे गेली आणि मागच्या फळीवर रिव्हेट मारून बसवलेल्या लोखंडी पट्टीवरून तिने हात फिरवला. कुठल्याशा गावात फळीची बिजागरी तुटली तेव्हा कुणीतरी बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा दिला होता, असं तुम्ही सांगायचात. गावाचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

"ही मिस्तरींची गाडी ना?" ती मला म्हणाली. "भातगिरणीचं इंजिन बंद पडलं की यायचं ते. ही पट्टी माझ्या मालकानं ठोकलीय. मिस्तरी कुठं हायत आता?"

मी म्हणाले, "मावशी, ही गाडी आम्ही विकत घेतलेली आहे. कोण मिस्तरी, मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी जीप वॉशिंग सेंटरला नेली. रॅम्पवर चढवली आणि मी खाली वाकले. प्रॉपेलर शाफ्टला भाताची रोपं मुळांसकट गुंडाळली गेली होती, मोरीच्या जाळीत केस अडकावेत तशी. मी ती बोटांनी ओढून काढायला लागले, संपेचनात. त्याच वेळी फोनवर व्हिडिओ आला, त्यात मी टाळ्या वाजवतेय, दात दिसतायत, आणि मागे ती बाई इरलं घेऊन उतरतेय. मी भिंतीशी जाऊन ओकले. चिखल आणि ग्रीस मी जन्मभर चिवडलं, कधी शिसारी आली नाही. ती माझ्या त्या हसण्याची आली.

तीन दिवसांनी मी एसटीने गेले आणि पुढे चालत. बाई आणि तिची सून बांध घालत होत्या. मी तुमची मुलगी असल्याचं सांगितलं.

तिने चिखल खाली ठेवला. "मंग त्या दिशी का नाय सांगितलं?"

मी साडी खोचून त्यांच्याबरोबर बांध घातला. रोपं कुठेच शिल्लक नव्हती, शेजारच्यांचीही आवणी आटपली होती, त्यामुळे तुडवलेला भाग यंदा तसाच राहणार. निघताना तिने तुम्ही कशाने गेलात ते विचारलं. झोपेतच गेलात म्हटल्यावर मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली. बस म्हणाली नाही, चहाचं विचारलं नाही. मीही अपेक्षा धरली नव्हती.

विंच, बंपर, नळकांडं, दिवे सगळं उतरवलं. जीप जुन्या उंचीवर आली. चेसीला पाडलेली चार भोकं तेवढी राहिली, ती बुजवून उपयोग नाही.

आता त्या बाईला जे सांगता आलं नाही ते. ग्रुपात पहिल्या दिवशी बिल्डरने विचारलं होतं, वडील आर्मीत होते का. मी हो म्हणाले. तुम्ही अधिकारी होतात असं तो आपसूकच समजला आणि सगळे माझ्या गाडीला कर्नलसाहेबांची जीप म्हणायला लागले. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. खाचरात तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर मला मिस्तरीची मुलगी व्हायचं नव्हतं.

परवा ग्रुप सोडला. कारण लिहिलं, गुडघे दुखतात. बिल्डरचं उत्तर आलं, काळजी घ्या, कर्नलसाहेबांच्या जीपची आठवण येईल. मी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि तेव्हाही खरं काय ते लिहिलं नाही.