पुसलेल्या रेघा

तीर्थरूप आईस, तृप्तीचा नाशिकहून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. सध्या माझी ड्यूटी रेडिएशनचा शेक घेणाऱ्या पेशंटकडे असते. पेठकडचे पुंजाबाबा आहेत, त्यांना लिव्हरचा कॅन्सर आहे. शेक कुठे द्यायचा ते कळावं म्हणून त्यांच्या पोटावर शाईच्या रेघा काढल्यात. तिथे तेल, साबण काही लावायचं नाही.

काल कातडी खाजते म्हणून त्यांच्या बायकोनं, भागीबाईंनी, खोबरेल चोळलं आणि रेघा गेल्या. मी फार बोलले. त्या खाली बघून म्हणाल्या, "सिस्टर, लगीन झाल्यापास्नं यांच्या अंगाला मीच तेल लावते. आता हात बी नाय लावायचा का?"

डॉक्टरांनी रेघा परत काढल्या. मग मी भागीबाईंना बाबांचे तळपाय चोळायला सांगितले. चोळता चोळता बाबांना झोप लागली.

दादांना अजून भूक नाही, असं तू लिहिलंस. त्यांचे डोळे पिवळे दिसतात का, ते अंगणात उजेडात बघ. मी त्यांची लेक म्हणून आपलं सहज विचारते. गुरुवारी त्यांना घेऊन गाडीत बस, नाशिक रोडला मी घ्यायला येते.

तोवर त्यांच्या तळपायांना तेल लावत जा.

तुझी,
तृप्ती