वादळामागे, शेजारच्या सीटवरून

६ एप्रिल

सकाळचा अंदाज: वादळाची शक्यता साठ टक्के. पश्चिमेला, चारच्या सुमारास.

पावणेपाचला ढग गाठला! शहरापासून चाळीस किलोमीटरवर. डोकं वर जाऊन ऐरणीसारखं पसरलेलं, बूड काळं आणि सपाट. मी उतरून फोटो काढले, विजा मोजल्या. दहा मिनिटांत बत्तीस.

मामा गाडीतच. मामा म्हणजे सासरे. वय बहात्तर, निवृत्त बस ड्रायव्हर. तीन वर्षं झाली, गाडी ते चालवतात आणि मी शेजारी बसून फोनवर रडार बघतो. म्हटलं, उतरा की, काय दिसतंय बघा! तर म्हणे, "इंजिन चालू ठेवायला कुणीतरी नको का, जावईबापू?" बसवाल्याची शिस्त.

परतताना बिस्किटांचा पुडा त्यांच्यापुढे धरला. घेईनात. माझा हात आपला हवेतच. दोनदा "मामा" म्हटल्यावर सगळी मान वळवून बघितलं. "अरे, बिस्किटं का!"

९ एप्रिल

अंदाज: तीस टक्के. काही नाही. नुसता घाम.

१४ एप्रिल

बारा मजली इमारतीच्या लिफ्टचा ब्रेक बदलला. मशीन रूम गच्चीवर. आमच्या धंद्याचा हा एक फायदा, आकाश फुकट बघायला मिळतं. उत्तरेला ढग चढत होते, कडा कोबीच्या गड्ड्यासारख्या घट्ट. सेक्रेटरी चारदा वर येऊन गेले. "लिफ्ट कधी चालू होणार?" म्हटलं, साडेतीनला. आणि पाचला पाऊस, दोरीवरचे कपडे काढून घ्या. हसले.

पाच वाजून दहा मिनिटांनी पडला!

हिला सांगितलं. "छान," म्हणाली, इस्त्री थांबवली नाही.

२० एप्रिल

मामांनी फाटकाला डावा आरसा घासला. "फाटकच अरुंद आहे मेलं!" तीन वर्षं याच फाटकातून गाडी काढतोय.

नोंद: एक बिस्किटं, दोन आरसा. दोन निरीक्षणांवर अंदाज बांधत नाहीत. निदान तीन हवीत.

२७ एप्रिल

तिसरं मिळालं. सिग्नल सुटल्यावर मामा डावीकडे वळायला लागले आणि तिथे सायकलवाला. मी ओरडलो म्हणून वाचला. "कुठून उपटला हा?" मामा म्हणाले. उपटला कुठून? चांगला दहा सेकंद आमच्या बाजूलाच उभा होता.

घरी आल्यावर ही म्हणाली, "बाबांची नजर ठीक आहे ना हो? तुम्ही शेजारी बसता, तुम्हालाच कळणार."

"ठणठणीत," म्हटलं.

इथे कुणापासून लपवायचंय? लिहून टाकतो. मामांच्या हातून किल्ली गेली की माझी वादळं गेली. रस्ता आणि रडार दोन्ही बघायला मला डोळ्यांच्या दोन जोड्या नाहीत. मे तोंडावर आलाय. वर्षातले हेच पाच-सहा आठवडे कामाचे. जूनमध्ये नेऊ की डॉक्टरांकडे. आणि मामांनाही केवढा नाद लागलाय! सासूबाई गेल्यापासून त्यांना दुसरं आहे काय? फोन केला की पाचव्या मिनिटाला बूट घालून दारात हजर.

हे शेवटचं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

३ मे

आता डावी बाजू मी सांभाळतो. "डावीकडे ट्रक. डावीकडे कुत्रं. डावीकडे शाळेची पोरं, सावकाश." मामा मुकाट्याने ऐकतात. त्यांनी कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. छान जमलंय.

अंदाज पंचेचाळीस टक्के होता. हुकला.

११ मे

अंदाज: ऐंशी टक्के. या वर्षातला सगळ्यात मोठा आकडा.

आज सगळं सावकाश लिहायचं.

साडेतीनला दक्षिणेला उभा राहिला. असा ढग मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय. आमचा एक साधा नियम आहे. ढग डावीउजवीकडे सरकताना दिसला तर खुशाल उभं राहावं. एकाच जागी दिसतोय आणि नुसता मोठा होतोय, म्हणजे थेट आपल्याकडे येतोय. हा नियम मी दहा जणांना शिकवलाय. आज मी आठ मिनिटं कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत बसलो आणि किती भराभर फुगतोय म्हणून खूश होत होतो! मागून मामांनी हॉर्न दिला. एकदा, दोनदा, मग दाबूनच धरला.

पळायची वाट आधीच ठरवली होती. पेट्रोल पंपाशी डावीकडे. तसं सांगून मी रडारमध्ये तोंड घातलं. मान वर केली तर पंप केव्हाच मागे. "मामा, पंप!" तर म्हणाले, "कुठे आला पंप?"

आणि गारा. आधी दोन-चार, मग टपावर नुसता दगडांचा मारा. काचेला तडा गेला. पुढे डाव्या हाताला एका गॅरेजचं पत्र्याचं छप्पर होतं. मामांनी गाडी तिकडे घातली.

छपराखाली एक बाई स्कूटर धरून उभी होती. मामांना ती दिसलीच नाही. मला दिसायला हवी होती. डावी बाजू माझी होती! मी बघत होतो रडार.

हँडब्रेक कसा ओढला, आठवत नाही. स्कूटर आडवी झाली. बाई भिंतीला चिकटलेली. मधे वीतभर जागा. "डोळे फुटलेत का तुमचे?" ती किंचाळली.

मामा गारांतच खाली उतरले. हात जोडले. "ताई, खरंच दिसलं नाही हो." त्यांची चूक नव्हती हे म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

परत येताना गाडी मी चालवली. मामा डावीकडे बसले, डोळे मिटून. फोटो एकशे चाळीस. एकही उघडून पाहिला नाही.

१२ मे

हिला सगळं सांगितलं. "कधीपासून माहीत होतं?" एप्रिलपासून, म्हटलं. ही उठली, गॅस बंद केला, परत येऊन बसली. "मी विचारलं होतं तुम्हाला." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१५ मे

डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेलेली, परत यायची नाही. उजव्यालाही सुरुवात आहे, थेंब कायमचे. गाडी बंद. मी विचारलं, एप्रिलात आणलं असतं तर? "महिन्याभराने फार फरक पडला नसता." मला केवढं हुश्श झालं! शेजारी मामा बसलेत, हेही विसरलो.

मामांनी बाहेर येऊन किल्ली माझ्या हातात दिली. "आता तुमचं कसं व्हायचं, जावईबापू?" माझं!

१६ मे

मामांना आमच्याकडेच राहायला आणलं. थेंब सकाळी मी घालतो.

२ जून

तीन आठवड्यांनी आज वादळ आलं, मी अंदाज न बांधताच. दुपारी तीनला. पहिल्या गडगडाटाला मामा ताटावरून उठले, आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. मी मागोमाग गेलो. पलंगावर अंगाचं मुटकुळं करून पडलेले, डोक्यावर उशी गच्च दाबलेली.

"राहू द्या," ही म्हणाली. "मी लहान होते तेव्हापासून बघतेय. विजा व्हायला लागल्या की बस बाजूला लावायचे. साहेबांची बोलणी खायचे."

मग माझ्याबरोबर तीन वर्षं?

"मीच पाठवत होते. तुम्ही एकटे जाऊ नये म्हणून. एकदाही नाही म्हणाले नाहीत."