डब्यातली बिस्किटं बंड्याची आहेत

अहो,

इराला घेऊन सेलूला आईकडे जातेय. तुम्ही झोपेत होता, उठवलं नाही. शेजारच्या रूपालीताईंनी विचारलं तर आईला बरं नाही म्हणा. तशी ती ठणठणीत आहे.

ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात बंड्याची बिस्किटं आहेत. ज्वारीचं पीठ आणि शिजवलेलं लाल कोहळं, तव्यावर मंद भाजलेली. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन द्या. मनुका मात्र चुकूनही देऊ नका, कुत्र्याला विष होतात. इराच्या मनुका मी सोबत नेल्यात, तरी सांगून ठेवते.

परवा तुम्ही चहात बुडवून खाल्ली ती हीच. "मीठ टाकायले विसरली का वं?" म्हणालात. दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोललात, म्हणून खरं सांगवलं नाही.

बिस्किट टाकून लगेच निघू नका. खाऊन होईपर्यंत जवळ बसा, नाहीतर बंड्या तोंड लावत नाही. ती सवय त्याला माझ्यामुळे लागली. तुम्ही ताट घेऊन खोलीत मोबाईल बघत बसता, तेव्हा स्वयंपाकघरात मी आणि तो, असे दोघंच जेवतो.

रेणुका