नियम होता तसाच राहिला

मंगळवार, संध्याकाळ. धारवाडच्या बसमध्ये.

परदेशातल्या ज्या दवाखान्यांचं काम आमचं ऑफिस गोकुळ रोडवरून सांभाळतं, तिथल्या सरकारने यंदा दरवर्षीसारखी उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायची नाहीत असं ठरवलं. दिवसभर तिथल्या एकेका कॉम्प्युटरवर तो नवा नियम घालत बसले. आज धारवाडला अप्पांचं ऑपरेशन. रजा मागितली तर साहेब म्हणाले, "आजचा एक दिवस अ‍ॅडजस्ट माडरी, करा एवढं, मॅडम."

दुपारी अक्काचा फोन. "आत नेताना तुलाच विचारत होते गं. कधी येतीस?"

"थोडंच राहिलंय, येते."

तुलाच विचारत होते. आणि मी बसून राहिले.

संध्याकाळी कळलं, त्या सरकारने निर्णयच मागे घेतला. केलेलं सगळं पुसायचं. पर्स उचलली, तेवढ्यात पुन्हा अक्का. नुसती रडत होती. अप्पा शुद्धीवर आलेच नाहीत.

आता पोचून कुणाला सांगू, मी आले म्हणून?