डावीकडच्या दोन ओळी

४ ऑक्टो., शनि.
सिलिकॉन रिंगांचा पहिला लॉट आज टेम्पोने गेला. तान्ह्या बाळांच्या श्वासाच्या मास्कसाठी. नव्या मशीनमध्ये यूव्हीच्या दिव्याखाली अर्ध्या मिनिटात रबर पक्कं. भट्टीत चार तास लागायचे. वरून दाबून पाहिल्या, घट्ट लागल्या. तपासणीची सही माझी. साहेब खूश. भट्टी बंद, त्यामुळे भट्टीवाले नामदेवमामा दिवसभर नुसतेच फिरत होते. एकोणीस वर्षं भट्टीपाशी काढली माणसाने. बघवत नव्हतं.

६, सोम.
त्याच लॉटच्या राखून ठेवलेल्या नमुन्यांतली एक रिंग सहज कापली. आत चिकट! मग सगळ्याच कापल्या. ट्रेमधल्या डावीकडच्या दोन ओळी कच्च्या, बाकी झकास. भट्टीचा माल कधी कापून बघावा लागला नाही, म्हणून हाही... गाढव आहे मी. साहेब बाहेरगावी, फोन बंद. परवा येणार.

७, मंगळ.
सापडलं. दिव्याखालच्या काचेवर, डाव्या बाजूला, हळदकुंकवाची बोटं. उजेड तिथेच अडला. दसऱ्याची पूजा मामांनी केली होती.
"आवो ताई, भट्टीच्या दाराला दर साली लावतो. नव्या मशीनला न्हाई लावायचं व्हय?"
समजावलं, तसे म्हणाले, "भट्टी बंद केली म्हणून म्या मुद्दाम केलं म्हनतील सगळी."
म्हणतीलच. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. लाज वाटली.
मास्कवाल्या गिऱ्हाइकाला फोन केला, रिंगा वापरू नका. म्हणाले, दोन पेट्या पुढे दवाखान्यांकडे गेल्यात, शोधतो. काय चुकलं ते साहेबांच्या सहीने लेखी द्या. शोधतो म्हणजे काय?

८, बुध.
कारखान्याजवळ, वरव्याच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तर मामा आधीच उभे. इस्त्रीचा शर्ट.
"हळद म्या लावली, मीच सांगतो. तुमी मधी पडू नका."
पेट्यांचा अजून पत्ता नाही. सकाळपासून तीन फोन. कुठल्या बाळाच्या तोंडावर बसवली असेल ती रिंग, हेच डोक्यात.
साहेबांची गाडी आली नि मामा माझ्याआधी केबिनमध्ये शिरले. दार लोटून घेतलं. वीस मिनिटं झाली. कापून न पाहता सही मी केली, हे मामा काही झालं तरी सांगणार नाहीत.
मी दारापर्यंत दोनदा गेले, आणि येऊन पुन्हा हे लिहीत बसलेय.