आयेची पाटी पुढच्या सीटवर

प्रिय आये,

कितीही साबण लावला तरी नखांतलं ग्रीस जात नाही. त्यामुळे कागदाला डाग पडले तर रागवू नकोस. गाडी चालली गं. आज सकाळी आपल्या घराच्या मागून थेट बंदरापर्यंत गेली आणि परत आली. गावात सगळ्यांना सांगून झालं, पण जिला आधी सांगायचं तीच राहिली, म्हणून लिहायला बसलेय.

तुला तो दिवस आठवतो? मी कॉलेजात होते. बंदरावर पाटी भरून आपण दोघी अंधेरीच्या बाजाराला जायला रस्त्यावर उभ्या होतो. पाटीतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. रिक्षा यायच्या, पाटी दिसली की वेग वाढवून निघून जायच्या. एक रिक्षावाला थांबला, त्याने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "मच्छी नहीं." तू डोक्यावर चुंबळ ठेवलीस, पाटी उचललीस आणि चालायला लागलीस. मला इतका राग आला होता! मागून येता येता मी म्हटलं, "आये, एक दिवस तुझी पाटी आपल्या गाडीतून जाईल. पुढच्या सीटवर."

"आनि मी कुठं बसू गो? टपावर?" तू विचारलंस आणि हसत सुटलीस.

ती गाडी तू असताना झाली नाही, ही रुखरुख माझ्या मनातून जाणार नाही. तू गेल्यावर मी ऑफिसातून यायची आणि मागच्या बंद पडवीत तुझ्या रिकाम्या पाट्यांसमोर बसून राहायची. अशीच बसलेली असताना मोबाईलवर दिसलं की गाडी घरीसुद्धा जोडता येते. लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी, स्टिअरिंग, सगळे सुटे भाग कारखान्यातून खोक्यांत येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या गाडीतून काढून आपण बसवायचे. मी पगाराची बिलं करणारी बाई, पान्याला नंबर असतो हेही मला ठाऊक नव्हतं. पण ठरवून टाकलं. तुझं वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी तुझी पाटी बंदरावर भरायची आणि माझ्या गाडीतून आणायची.

दुसरा दिवस का, तर तुझा भाऊ. माणूस गेल्यावर वर्षभर घरात नवं वाहन काढायचं नाही, असं दामूमामाने बजावलं. "बांध तू," तो म्हणाला, "पन चालवाची नाय. बहिनीचं वरीस सरू दे." त्याने जन्मभर होडीची इंजिनं उघडली, मोटारीचं एकदाही नाही. तरी रोज संध्याकाळी पडवीत येऊन शहाणपण शिकवायचा.

सुरुवात कशी झाली ऐक. माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, खोकी उघडण्याआधी सगळं वाचा. मी आधी खोकी उघडली. मग भंगारवाल्याकडेच एक जुनी गाडी खोलली, तिचं इंजिन आणि नटबोल्ट घरी आणले आणि नटबोल्ट प्लास्टिकवर मांडले. कसे मांडले असतील? तुझी पोर ना मी. वाटे लावले! मोठ्यांचा वाटा, मधल्यांचा वाटा, बारक्यांचा वाटा. इतके सुरेख वाटे की गिऱ्हाईक आलं असतं. कुठला बोल्ट कुठून निघाला, हे लिहून ठेवायचं असतं हे नंतर कळलं. एकसारखे दिसणारे दोन बोल्ट, पण आटे वेगळे. एक जबरदस्तीने फिरवला तो अर्ध्यात अडकून बसला. बांगडा आणि बोल्ट यांत फरक असतो, एवढं तरी शिकवून जायचंस.

पण आये, हात बसत गेला. पुढच्या चाकांचे दांडे लागले, स्टिअरिंग वळवलं तशी चाकं वळली, तेव्हा मी पडवीत एकटीच टाळ्या वाजवल्या. ब्रेकला हिरामावशी आली. बाजारात इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसलेली बाई, तुझ्यामागे माझ्याकडे बघायला येतेच. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात, एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून हवा सोडायची. मावशी काष्टा सावरून उघड्या सांगाड्यात बसली.

"दाब मावशी. धरून ठेव. आता सोड."

"दाब, सोड, दाब, सोड," मावशी वैतागली. "गो हेमे, बालंतपन करतंस का गाडीचं?"

मग आली खरी पंचाईत. परवा, श्राद्धाच्या आदल्या दिवशी, गाडी पुरी झाली. लाल बॉडी, चार चाकं, दोन सीटा. मामा बघायला आला, खूश झाला, बाहेर गेला आणि गल्लीत उभा राहिला. त्याने हात कमरेवर ठेवले तर दोन्ही कोपर भिंतींना लागले.

"हेमे," तो म्हणाला, "ही भायेर जायल कुठून?"

हसू नकोस. आपल्यात दार कोणी मोजतं का, तूच सांग. होडी बांधायची उघड्यावर आणि झाली की पाण्यात लोटायची. सांगाडा आला तेव्हा आम्ही तो कुशीवर करून गल्लीतून आणला होता. इंजिन बसल्यावर त्याला कुशीवर करता येणार नाही, हे मामाला सुचलं नाही आणि मलाही नाही. मी तिथेच पायरीवर बसून रडले. उद्या श्राद्ध, परवा पाटी, आणि गाडी घरात कोंडलेली.

मामामागून आलेल्या हिरामावशीने पडवीच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "पत्रा काढ."

तो पत्रा! मांजरं येतात म्हणून तू ज्याच्यावर आणखी एक पत्रा ठोकला होतास, तो. तू असतीस तर हात लावू दिला नसतास. शिवाय पलीकडच्या मैदानात बांबूच्या वलांड्यांवर मावशीचेच बोंबील वाळत होते, गाडीला वाट नव्हती.

"बोंबलांचं काय?" मी विचारलं.

"ते मेलेलंच हायत. एक दिवस थांबतील."

काल तुझं श्राद्ध यथासांग झालं. आज उजाडल्यावर आम्ही वलांड्यांवरचे बोंबील उतरवले आणि पत्रा काढला. वजन कमी व्हावं म्हणून बॉडी सुटी केली. मामाने फळ्या टाकल्या, होडीला बांधतो तसा सांगाड्याला दोर बांधला, आणि गावातली माणसं "हय्या हो" करत ओढायला लागली. बॉडी मात्र कोणी ओढू दिली नाही. तुझ्या बाजारातल्या बायका आल्या, त्यांनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या आणि माझ्या गाडीची अख्खी लाल बॉडी पाटीसारखी उचलली. हिरामावशी बुटकी, त्यामुळे बॉनेट एका बाजूला कललेलं. पण काय चालत होत्या गं त्या!

मैदानात बॉडी पुन्हा बसवली. मामाने नारळ फोडला. पहिल्यांदा मी क्लच घाईने सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. सगळे हसले. दुसऱ्यांदा ती निघाली, रिकाम्या वलांड्यांमधून, सरळ बंदरावर. तिथे मामाच्या होडीतली कोलंबी आणि पापलेट तुझ्या पाटीत भरली, वर बर्फ टाकला, आणि पाटी पुढच्या सीटवर ठेवली. बर्फाचं पाणी नव्या कोऱ्या सीटवर ठिबकायला लागलं. मावशी पदराने पुसायला धावली.

"राहू दे," मी म्हटलं. मग मावशीही पुसायची थांबली, आणि आम्ही दोघी त्या ओल्या सीटकडे बघत राहिलो.

गाडी अजून गावाबाहेर न्यायची नाही. घरी जोडलेल्या गाडीला रस्त्याची परवानगी मिळणं सोपं नाही म्हणतात. पण बोल्टांचे वाटे लावून जिने गाडी उभी केली, ती आरटीओच्या खिडकीवरही उभी राहील. मी तुला वचन देते. परवानगी मिळवीन, तुझी पाटी अंधेरीच्या बाजारात नेईन, आणि येताना रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन उभी असलेली कोणीही मावशी दिसली की गाडी थांबवीन. सीट ओली होऊ दे.

आणि तू कुठं बसशील, हे तू विचारलं होतंस. टपावर नाही जमायचं, आये. या गाडीला टपच नाही. पाटीला टेकून बस, मी हळू चालवते.

तुझीच,
हेमू