उचलता येईल अशी गाडी

मामा, मी गाडी घेतली. स्कूटी नाही, मोटारसायकल. उंच आहे, पुढचा मडगार्ड चाकापासून चांगला वीतभर वर आहे. दगडगोट्यांच्या पायवाटेवर चालते आणि कधी परभणीला जायचं झालं तर डांबरी रस्त्यावरूनही नेता येते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट पहिल्यांदा तुम्हालाच सांगावी असं वाटलं. लग्न होऊन जिंतूरच्या घरात आले तेव्हा आत्यांनी मला बजावलं होतं, सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायचं. म्हणायला लागले, पण पहिलं वर्षभर तुमच्याशी बोलायला कारणच पडलं नाही. तुम्ही एसटीचे ड्रायव्हर. पहाटे खाकी घालून निघायचात आणि परत आलात की पायांवर पाणी घेऊन ओट्यावर गप्प बसायचात. मी नर्स, माझं उपकेंद्र वर डोंगरात आणि त्याच्याही वर तांडे. तुमचा मुलगा परभणीला नोकरीत, शनिवारी यायचा. मी कधी चालत जायचे, कधी बैलगाडीत, कधी दूधवाल्याच्या मागे दोन कॅनच्या मध्ये अंग चोरून बसायचे. तशीच एकदा घरापाशी उतरले आणि तुम्ही पाहिलंत. जेवताना ताटावरची नजर न उचलता म्हणालात, "दुसऱ्याच्या मागं बसून किती दिस जायचं, माय? गाडी घरात हाय. शिकून घे."

आत्यांचा हात वाढता वाढता थांबला. "सुनेला गाडी शिकवायलाव का आता? लोकं काय म्हणतील?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. "लोकायला म्हणावं, तुमी बसा स्टँडवर वाट बघत."

विहाराच्या मागच्या मैदानात तुम्ही मला तुमच्या काळ्या गाडीवर बसवलंत. पहिल्या दिवशी गाडी सुरू व्हायची, एक उडी मारायची आणि बंद पडायची. त्या संध्याकाळी मी चुलीपुढे बसलेय. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहता. तिथं तुम्ही कधी येत नसायचात, म्हणून आत्याही वळून बघतात. "बाई, ही भाकर तव्यावर कशी टाकायलीस?" मी म्हणते, "अलगद सोडायची, मामा. आपटली की मोडती." "मंग क्लच तसाच सोड," एवढं बोलून तुम्ही निघून जाता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उडी न मारता मैदानाच्या कडेपर्यंत गेली. मी ओरडले, तुम्ही टोपी काढून परत घातलीत. ती तुमची शाबासकी होती हे मला नंतर कळलं.

तुम्ही माझ्यावर एकदाच चिडलात. ओढ्याच्या फरशीवरून पाणी चाललं होतं, गुडघ्याएवढंही नव्हतं. घरी यायची घाई, मी गाडी घातली आणि पार केलीही. पलीकडे तुमची एसटी उभी होती. इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात आणि आतले प्रवासी तुम्हाला नाही नाही ते बोलत होते, की एक बाई मोटारसायकल काढते आणि हा माणूस बस घालत नाही. तुम्ही त्यांच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाहीत. माझ्यासमोर आलात, गाडीची किल्ली काढून घेतलीत आणि म्हणालात, "पाणी दिसतंय तेवढंच असतंय का? खाली फरशी हाय का वाहून गेली, तुला काय ठाव?" मग आवाज उतरला. "माझ्या घरात येऊन तू हिंमत शिकलीस, बरं झालं. पण सबर कोण शिकवणार?" त्यानंतर किती तरी दिवस मी परत चालत गेले. किल्ली मिळाली ती एका खोक्यावर ठेवलेली. खोक्यात घोट्यापर्यंतचे काळे बूट. बायकांच्या मापाचे तसले बूट मिळतच नव्हते, म्हणून तुम्ही परभणीच्या दुकानातून शाळकरी मुलाच्या मापाचे आणले होते. माझा पाय किती हे तुम्ही उंबऱ्यातल्या चपलेवर वीत ठेवून मोजलं होतं, हे आत्यांनी हसत सांगितलं. पांढऱ्या साडीखाली ते बूट घालून मी तांड्यावर गेले तेव्हा पोरं मागे धावली. नंतर मला सगळे बूटवाली सिस्टरच म्हणायचे.

तुम्ही रिटायर झालात आणि फार दिवस राहिला नाहीत. काळी गाडी म्हातारी झाली, तिचे पार्ट मिळेनात. तोवर उपकेंद्रापर्यंत डांबर आलं होतं, मीही स्कूटी घेतली. पण डांबर उपकेंद्राशीच संपतं, मामा. वरच्या तांड्यांची वाट अजून तशीच आहे, आधी काळं रान आणि मग खडक. गेल्या पावसाळ्यात लसीचा डबा खांद्याला अडकवून वर निघाले होते. ओली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसली, चाक फिरायचंच थांबलं आणि मी उतारावर आडवी झाले. डबा शाबूत राहिला, मनगट मोडलं.

तुमच्या मुलानं रजा काढली. प्लास्टर होतं तेवढे दिवस ते माझी वेणी घालायचे, वाकडीतिकडी, पण रोज. आणि रोज एकच बोलायचे, "आता बास. परभणीला बदली मागून घे. राहिलेली नोकरी खुर्चीवर कर." ते चूक बोलत नव्हते. अशातच एक दिवस वरच्या तांड्यावरची एक बाई दारात आली. महिन्या-दीड महिन्याचं लेकरू पदराखाली घेऊन डोंगर उतरून, पुढं जीपनं आली होती. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "सिस्टर, तुमी आता येणार न्हाई म्हनतेत. खरं हाय का?" तिच्या विचारण्यात तक्रार नव्हती. खरं असेल तर पुढचं बघायला लागेल, एवढंच होतं. मी म्हणाले, "येणार हाय." ती गेली. हे आत भांडी घासत होते, त्यांनी ऐकलं. नळ बंद करून बाहेर आले आणि म्हणाले, "मग स्कूटीवर जायचं नाही. जमेल अशी गाडी बघू."

गाडी बघायची म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं. ह्यांचं म्हणणं होतं, साधी शंभर सीसीची गाडी घ्यावी आणि टायर तेवढे खडबडीत टाकावेत. प्लास्टर निघाल्यावर शेजाऱ्यांची तसली गाडी मागून मी पायवाटेवर नेऊन बघितली. दोन ठिकाणी गाडीचं पोट दगडाला घासलं आणि पुढचा मडगार्ड पुन्हा मातीनं भरला. तेव्हा मला कळलं की उंच मडगार्ड ही ऐट नाही, आपल्या काळ्या मातीवरचा उपाय आहे. मग परभणीच्या शोरूममध्ये गेलो. सेल्समननं ह्यांच्याशी हात मिळवला. "सरांसाठी का?" हे म्हणाले, "मॅडमसाठी." "मग स्कूटर तिकडं आहेत." मी सरळ त्या उंच गाडीवर जाऊन बसले. सुरेख होती. तारांची चाकं, लांब स्प्रिंगा, दगडावरून गेली तरी कमरेला धक्का न देणारी. पण माझे अंगठे तेवढे जमिनीला लागत होते. तो म्हणाला, "हाइटचा प्रॉब्लेम येईल, मॅडम." आणि मला तुमचा आवाज आला, जसाच्या तसा. तुमच्या काळ्या गाडीवर मी घाबरून दोन्ही पाय खाली सोडायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, "एक पाय टेकला की बास. एसटीच्या ड्रायवरचे पाय कुठं टेकतेत?" मी शोरूममध्ये एकटीच हसले. पण उंचीचं ठीक आहे, वजनाचं काय? वरच्या वाटेवर गाडी पडणारच, आणि तिथं हाक ऐकायला कुणी नसतं. म्हणून मी त्या पोराला सांगितलं, "ही जरा आडवी करा."

"म्हणजे?"

"फरशीवर आडवी करा. मला उचलून बघायचीय."

त्यानं ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे. "मॅडम, नवी गाडी आहे, आडवी कशी करणार?" मी म्हटलं, मग मी ती कशी घेणार? आम्ही बाहेर पडलो. मला वाटलं हे चिडतील. ते रसवंतीवर बसून इतके हसले की ग्लास खाली ठेवावा लागला.

पालमच्या एका तरुण दुकानदाराची वापरलेली गाडी विकायची आहे असं कळलं. दोस्तांबरोबर डोंगर हिंडायला घेतलेली. आता त्याला जुळी झाली होती आणि हिंडणं बंद. गाडी शोरूममधल्याच जातीची, पण आधीची, थोडी लहान आणि हलकी. टाकीवर ओरखडे, एक आरसा वेगळ्याच गाडीचा. तो म्हणाला, "खोटं सांगत न्हाई ताई, हिला म्या लय डाव पाडलंय. पर दर डाव चालू झाली." मी म्हटलं, आज अजून एकदा पाडा. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. अंगणात पोतं अंथरलं आणि गाडी अलगद निजवली.

गाडीकडे पाठ करायची, उकिडवं बसायचं, एका हातात हँडल, दुसऱ्यात मागची दांडी, आणि कमरेनं नाही, मांड्यांच्या जोरानं एकेक पाऊल मागे सरत उभं राहायचं. तुम्ही मला हे मैदानात शिकवलं होतं तेव्हा मी लाजत होते, की सासऱ्यासमोर असं बसायचं. तुम्ही पाठ फिरवून तोंडानं सांगत होतात. पालमच्या अंगणात पहिल्यांदा गाडी हातभर उठली आणि परत बसली. मनगटातून कळ गेली. हे पुढे आले. मी म्हटलं, "हात लावू नका." आवाज जरा मोठाच निघाला. ते थांबले, तिथंच, हात अर्धवट पुढे केलेले. मी पुन्हा बसले, मनगट सरळ केलं, श्वास घेतला आणि उठले. गाडी माझ्या पाठीला टेकून उभी राहिली. त्या दुकानदाराची आई ओसरीवरून म्हणाली, "अगं माय!" नंतर गावाबाहेरच्या नाल्यातून एक चक्कर मारून आले. वाळूत ती डुलली, पण ऐकत होती. व्यवहार तिथंच झाला.

परत येताना हे माझ्या मागे बसले. तुमच्या पोटी जन्माला येऊन ह्यांना गाडीचं वेड कसं नाही, याचं मला नवल वाटायचं. गंगाखेडला चहाला थांबलो तेव्हा बशीत चहा ओतता ओतता तुमच्याबद्दल म्हणाले, "दादा मला शिकवताना लय ओरडायचे. एकदा मैदानातच कानाखाली दिली, पोरांसमोर. मग मी गाडीला हातच लावला नाही. तुला कधी ओरडले का?" मी म्हटलं, "एकदाच." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुला शिकवायचे तेव्हा मी एकदा भिंतीआडून बघितलं होतं. मला वाटलं, हे कोण आहेत?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, मामा. कदाचित मुलावर जे चुकलं ते तुम्ही सुनेवर नीट करायला बघत होतात. कदाचित तुमचं फक्त वय झालं होतं. तुम्ही असतात तर विचारलं असतं, आणि तुम्ही टोपी काढून परत घातली असतीत. पुढच्या रस्त्याला ह्यांनी मागची दांडी सोडून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

परभणीत सीट थोडी कापून खाली करून घेतली. पहिल्यांदा वर गेले तेव्हा आवाज ऐकून तांड्यावरची माणसं बाहेर आली. वाटेत एकदा पडले, उचलली, पुढे गेले. ती लेकरूवाली बाई गाडीभोवती फिरली, पुढच्या स्प्रिंगेला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "ही चढंल." मग आत जाऊन पोराला घेऊन आली, त्याचा डोस राहिला होता.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, आणि ह्यांना वाचायला द्यावं तर गंगाखेडचं त्यांनी मला सांगितलंय, कागदाला नाही. म्हणून कपाटातल्या जुन्या साड्यांत ठेवून देते. पण एक तुम्हालाच सांगते. गाडी कामासाठी घेतली असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरंच आहे. पण रविवारी ड्यूटी नसते, तरी तांड्यावर कुणीतरी पेशंट आहे असं सांगून मी निघते. पेशंट नसतो, मामा. नुसतीच डोंगरात हिंडून येते.